गाडी कुणाची? खतापासून करारनाम्यापर्यंत

श्रोतेहो, आजचा विषय आम्ही ठरवलेला नाही, तो एका श्रोत्याने आमच्या गळ्यात घातलेला आहे. गेल्या वर्षी याच मालेत आम्ही 1875 च्या दख्खनच्या दंग्यांवर बोललो होतो. व्याख्यान संपलं, सतरंज्या गुंडाळणं सुरू झालं, आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे आले. निफाड तालुक्यातले. म्हणाले, "सर, सावकाराची खतं जाळली ते दीड तास सांगितलंत, छान वाटलं. माझी पिकअप परवा टोलनाक्यावर ओढून नेली. मी काय जाळू?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही चार-पाच जण इतिहासाची कागदपत्रं वाचणारे, त्यात एक निवृत्त दस्तलेखक आणि एक वकील. त्या गृहस्थांना आम्ही म्हटलं, तुमचा करारनामा घेऊन रविवारी या. ते आले. बारीक टायपातली 28 पानं, प्रत्येक पानावर खाली त्यांची सही, आणि एकही पान त्यांनी वाचलेलं नव्हतं. सही घेतानाही कुणी वाचून दाखवलं नव्हतं. ती पानं वाचता वाचता आमच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा 1875 मध्येच आलो आहोत. फक्त खताच्या जागी करारनामा आलाय, आणि बैलाच्या जागी पिकअप.

हकिगत थोडक्यात सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कंपनीचंही सांगत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. गाडी 2021 च्या जानेवारीत घेतली. किंमत 9 लाख. डाउन पेमेंट 1 लाख 80 हजार, उरलेलं कर्ज, 48 हप्ते, प्रत्येकी 19,500. पिंपळगाव-लासलगावचा कांदा, हंगामात द्राक्षाचे क्रेट, वाशीपर्यंत फेऱ्या. 36 हप्ते वेळेवर गेले. मग 2023 चा सप्टेंबर. निर्यातशुल्काच्या वादात नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले, डिसेंबरात निर्यातबंदी आली. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तो हंगाम आठवत असेल. गाडी अंगणात उभी. साठवलेल्या पैशांवर डिसेंबरपर्यंत हप्ते गेले, जानेवारी आणि फेब्रुवारीचे दोन चुकले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा भाचा 15 क्विंटल कांदा घेऊन निघाला होता. नाक्यापाशी चार पोरं मोबाइलमध्ये नंबर बघत उभी होती. त्यांनी किल्ली काढून घेतली, कांदा रस्त्याकडेला उतरवला, भाच्याची एका छापील कागदावर सही घेतली आणि गाडी गेली. त्या छापील कागदावर लिहिलं होतं, की 'मी स्वखुशीने वाहनाचा ताबा देत आहे.'

मामा पोलीस ठाण्यात चोरीची फिर्याद द्यायला गेले. तिथे कळलं की गाडी उचलण्याची सूचना कंपनीकडून आधीच आलेली आहे. हवालदार सौम्यपणे म्हणाले, "काका, ही चोरी नाही. गाडी त्यांचीच आहे ना."

गाडी कुणाची, हा प्रश्न इथून सुरू होतो.

आता 1875 कडे चला, फार लांब नाही. 12 मे 1875, भीमथडी तालुक्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. लोक सावकारांच्या घरांवर गेले. त्याच्या काही महिने आधी, 1874 च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी सावकारांवर बहिष्कार पडला होता, तिथून ही हवा पसरत गेली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी हेच झालं. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या लक्षात एक गोष्ट ठळकपणे आली: लोकांना सावकाराचा जीव नको होता, बहुतेक ठिकाणी त्याचा पैसाही नको होता. त्यांना कागद हवा होता. जिथे सावकाराने खतं आणि रोखे काढून दिले, तिथे त्याला सहसा हात लागला नाही. जिथे दिले नाहीत, तिथे दांडगाई झाली.

कागदच का? कारण कोर्टात कागदच बोलत होता. कुणबी निरक्षर. खतात शंभर लिहिलं, हातात सत्तर दिले, वर्षाच्या शेवटी व्याज मुद्दलात घालून नवं खत. सावकार दावा लावी, समन्स कुठेतरी अडकून पडे, एकतर्फी हुकूमनामा होई. न्यायाधीश म्हणे, अंगठा तुझाच ना? मग झालं. एका पिढीपूर्वी गावच्या पंचायतीत विचारलं जाई की बाबा, घेतलेस किती, दिलेस किती. हिंदूंमध्ये दामदुपटीचा नियम होता, एका वेळी मागायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबई इलाख्याच्या कोर्टांनीही तो मानला होता, पण खत नवं करून व्याजाचंच मुद्दल केलं की दामदुपटीला धरायला जागाच उरत नसे.

आयोगाच्या अहवालानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. नाशिक त्यात नव्हतं. आपला जिल्हा दंग्यात फारसा नव्हता, म्हणून कायद्यातही नाही. (हशा) या कायद्याचा आम्हाला फार आदर आहे, त्यामागचा सरकारचा हेतू महसूल वाचवण्याचा होता हे मान्य करूनही. त्यात काय होतं ते ऐका आणि आजच्या गाडीशी ताडून बघा.

पहिली गोष्ट: शेतकऱ्यावर दावा आला की कोर्टाने खतावर थांबायचं नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास तपासायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, आणि खतात काहीही लिहिलेलं असो, प्रत्यक्ष काय घडलं ते बघायचं. कागदाच्या मागे जायचं. दुसरी गोष्ट: शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गाव-निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, म्हणजे सही करणाऱ्याला काय लिहिलंय ते कळलं पाहिजे. तिसरी: पैसे भरले की लेखी पावती, मागितलं की हिशेबाचा उतारा, आणि पासबुक. होय, पासबुक, 1879 साली. चौथी: पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक नाही, आणि खास गहाण दिलेली नसेल तर जमिनीची जप्ती नाही.

सगळं छान चाललं असं नाही. सावकारांनी कर्जाऐवजी विक्रीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली: कागदावर जमीन विकली, तोंडी वचन की पैसे दिलेस तर परत देईन. मग कायद्यात दुरुस्ती करावी लागली, की लेखी विक्री दिसत असली तरी ते खरं तर गहाणच होतं, असा तोंडी पुरावा शेतकऱ्याला देता येईल. ही युक्ती ध्यानात ठेवा. जिथे कर्ज असल्याने घेणाऱ्याला संरक्षण मिळतं, तिथे कर्जाला दुसरं काहीतरी नाव द्यायचं. पुढचं सगळं व्याख्यान याच युक्तीचं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या दिवाणी कायद्यात आजही आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं 60 वं कलम. हुकूमनाम्याच्या वसुलीत कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि शेतीला लागणारी जनावरं जप्त करता येत नाहीत. बैल नेता येत नाही, वाकस आणि रंधा नेता येत नाही. माणसाचं पोट ज्याच्यावर आहे ते ओढून नेलं तर तो कर्ज फेडणार कशाने, इतका साधा हिशेब. मग पिकअपवर पोट असलेल्या माणसाची पिकअप कशी जाते? उत्तर असं, की जप्त होते ती ऋणकोची वस्तू. पिकअप त्याची नाहीच, असं कागद म्हणतो. स्वतःचीच वस्तू घेऊन जायला जप्ती कशाला लागते?

हा कागद कुठून आला ते बघायला थोडं इंग्लंडला जावं लागेल. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पियानो, शिवणयंत्रं, फर्निचर हप्त्यांवर विकलं जाऊ लागलं. दुकानदाराला भीती अशी की गिऱ्हाईक अर्धे हप्ते देऊन पियानो तिसऱ्यालाच विकेल. 1893 मध्ये फर्निचरच्या एका खटल्यात दुकानदाराची बाजू हरली, कारण करारात घेणाऱ्यावर खरेदी पुरी करण्याचं बंधन होतं, म्हणजे ती खरेदीच ठरली. दोन वर्षांनी, 1895 मध्ये, पियानोचा खटला उमरावांच्या सभेपर्यंत गेला. तिथे करार हुशारीने लिहिलेला होता. पियानो भाड्याने दिलाय, घेणाऱ्याला वाटलं तर तो परत करू शकतो, सगळे हप्ते भरले तरच तो त्याचा. न्यायाधीश म्हणाले, मग ही विक्री नव्हे. घेणाऱ्याने पियानो गहाण टाकला होता, तो मालकाला परत मिळाला. या एका निकालाच्या पायावर भाडेखरेदी नावाची इमारत उभी राहिली. वस्तू विकायची, पण तिला भाडं म्हणायचं. आपल्या सावकाराने कर्जाला विक्री म्हटलं, तिकडच्या दुकानदाराने विक्रीला भाडं म्हटलं.

याचा गैरवापर इतका झाला की शेवटचे दोन-तीन हप्ते राहिले असताना वस्तू उचलून न्यायची आणि पुन्हा दुसऱ्याला विकायची, हा धंदाच झाला. एलन विल्किन्सन नावाच्या मजूर पक्षाच्या बाई खासदार होत्या, त्यांनी खाजगी विधेयक आणून 1938 चा भाडेखरेदी कायदा करून घेतला. एक तृतीयांश रक्कम भरून झाली की कोर्टाच्या हुकुमाशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. मोटारींसाठी किमतीची मर्यादा 50 पौंडांची होती, त्यामुळे बहुतेक मोटारी बाहेरच राहिल्या. पण तत्त्व बसलं, आणि एक तृतीयांशाचा नियम 1974 च्या तिकडच्या कायद्यात आजही आहे.

आपल्याकडे मोटारीला पैसे पुरवणाऱ्या कंपन्या स्वातंत्र्याच्या आगेमागे उभ्या राहिल्या, मद्रासकडे जास्त. सुंदरम फायनान्स 1954 ची. ट्रक घेणारा ड्रायव्हर बँकेच्या दारात उभा राहू शकत नव्हता, त्याला या कंपन्यांनी मालक केलं, हे मान्य करायलाच हवं. नाशिकहून आग्रा रोडला लागणाऱ्या ट्रकांतले कितीतरी असेच आले. कायदा आयोगाने 1961 मध्ये आपल्या विसाव्या अहवालात भाडेखरेदीसाठी स्वतंत्र कायदा सुचवला आणि 1972 मध्ये संसदेने तो मंजूर केला. त्यात विल्किन्सनबाईंचं तत्त्व होतं. किंमत लहान असेल तर निम्मी आणि मोठी असेल तर तीन-चतुर्थांश रक्कम भरून झाली, की कोर्टाशिवाय ताबा घ्यायचा नाही. मोटारींसाठी अटी जरा कडक, तीन-चतुर्थांशाच्याही वर नेण्याची मुभा सरकारला होती.

हा कायदा कधीही अमलात आला नाही. राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापला, पुस्तकांच्या दुकानांत मिळत होता, कायद्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला होता. अंमल मात्र नाही. 33 वर्षं तो तसाच पडून राहिला आणि 2005 मध्ये रद्द केला गेला. आम्ही बरेच मेलेले कायदे वाचलेत. जन्मालाच न आलेल्या कायद्याचं श्राद्ध घातल्याचं हे एकच उदाहरण आम्हाला ठाऊक आहे.

आता निफाडच्या मामांचा हिशेब त्या कायद्यावर घालून बघू. डाउन पेमेंट 1 लाख 80 हजार अधिक 48 हप्त्यांचे 9 लाख 36 हजार, एकूण 11 लाख 16 हजार. त्याचे तीन-चतुर्थांश 8 लाख 37 हजार. मामांनी भरले होते 8 लाख 82 हजार. कायदा आज जिवंत असता आणि सरकारने मर्यादा आणखी वर नेलेली नसती, तर त्या चार पोरांना आधी नाशिकच्या कोर्टात जावं लागलं असतं. भाडेखरेदीचा करार असता तर, हा 'तर' मात्र मोठा आहे, त्याकडे येतो.

कायदा नसल्याने सगळा भार कोर्टांवर पडला, आणि कोर्टांचे निकाल दोन दिशांना गेले. 1966 मध्ये सुंदरम फायनान्सचा केरळ सरकारशी खटला सर्वोच्च न्यायालयात आला. केरळ म्हणे, तुम्ही गाड्या विकता, विक्रीकर द्या. कंपनी म्हणाली, आम्ही कुठे विकतो? आम्ही फक्त पैसे उसने देतो, भाडेखरेदीचा कागद हे नुसतं तारण. न्यायालयाने कागदाच्या मागे जाऊन बघितलं, गाडी ग्राहकाने स्वतःच घेतलेली होती, आणि कंपनीचं म्हणणं बहुमताने मान्य केलं: हे खरं तर कर्ज आहे. म्हणजे कर भरायची वेळ आली तेव्हा हा धंदा म्हणाला, आम्ही मालक नव्हे, सावकार आहोत. आणि गाडी उचलल्यावर चोरीची फिर्याद झाली, की तोच धंदा म्हणतो, आम्ही मालक आहोत, मालक स्वतःच्या वस्तूची चोरी कशी करेल? हेही न्यायालयाने मान्य केलं. 1979 मध्ये ट्रकच्या प्रकरणात, 2001 मध्ये मोटारीच्या. हवालदारसाहेब जे सौम्यपणे बोलले, त्यामागे सर्वोच्च न्यायालय उभं होतं.

आणि मोटार वाहन कायदा काय म्हणतो? 1988 च्या कायद्यात दुसऱ्या कलमातली 'मालक' या शब्दाची व्याख्या काढा. गाडी भाडेखरेदीत किंवा नजरगहाण असेल तर मालक कोण? जिच्या ताब्यात त्या कराराखाली गाडी आहे ती व्यक्ती. म्हणजे घेणारा. अपघात झाला तर भरपाई त्याने द्यायची. 2014 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या बाबतीत हेच सांगितलं, कर्ज देणारी बँक अपघाताच्या भरपाईला जबाबदार नाही. चलान आलं, मालक तुम्ही. विमा, पासिंग, पीयूसी, मालक तुम्ही. हप्ता चुकला, मालक कंपनी. उचलून नेल्यावरच्या कराचं मात्र 2022 मध्ये ठरलं, की ताबा घेतल्यापासून कर कंपनीने भरायचा. एवढं तरी झालं.

आता तो 'तर'. 1982 च्या घटनादुरुस्तीनंतर भाडेखरेदीवर विक्रीकर लावण्याचा राज्यांचा मार्ग मोकळा झाला. मग कंपन्यांनी हळूहळू कागद बदलला. भाडेखरेदी गेली, कर्ज अधिक नजरगहाण आलं. तुमच्या आरसी बुकावर, आता स्मार्टकार्डावर, कंपनीचं नाव असतं ते बहुतेकदा याच करारापायी. लोक आरटीओत जाऊन 'बोजा उतरवायचा' म्हणतात, तो हा बोजा. नजरगहाणात मालकी गिऱ्हाइकाची असते, कंपनीचा हक्क फक्त तारणाचा. मामांच्या 28 पानांत पहिल्याच पानावर लिहिलं होतं: कर्ज व नजरगहाण करार. 'गाडी त्यांचीच' हे हवालदारांचं वाक्य या कागदाला लागूच नव्हतं! पण शब्द बदलला तरी सवय बदललेली नाही. करारात आत कुठेतरी ताबा घेण्याची परवानगी लिहिलेली असते आणि कामाला तीच येते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की भाडेखरेदीत सगळे हप्ते फिटेपर्यंत मालक वित्तकंपनी, आणि नोटीस द्यायची की नाही हे करार ठरवेल. त्या निकालाचा दाखला आता नजरगहाणाच्या प्रकरणांतही सर्रास दिला जातो. आमच्या मते हे चूक आहे, आणि आमचे वकील मित्र म्हणतात की तुमच्या मताने निकाल लागत नाही.

दुसऱ्या बाजूचेही निकाल आहेत. 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी दांडगे लोक नेमण्याच्या पद्धतीचा कडक शब्दांत निषेध केला. 2011 मध्ये मारुती गाडीच्या एका प्रकरणात म्हटलं, की भाडेखरेदी असली तरी ताबा कायद्याच्या रीतीनेच घ्यायचा, जबरदस्तीने नाही. मे 2023 मध्ये पाटणा उच्च न्यायालय तर आणखी पुढे गेलं आणि गुंडांकरवी गाडी ओढणं हा जगण्याच्या हक्कावरचाच घाला ठरवला. सप्टेंबर 2022 मध्ये झारखंडात हजारीबागला ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती स्त्रीचा जीव गेला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांकडून ताबा घ्यायला मनाई केली, ती जानेवारी 2023 मध्ये उठली. सातपूरच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्या बघत मोठ्या झालेल्या आपल्या शहराने ती बातमी वाचली आणि पान उलटलं, असं आम्हाला वाटतं.

पण मामांच्या कामाला जे आलं ते यापेक्षा साधं आहे. 24 एप्रिल 2009 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक. वित्तकंपन्यांना सांगितलंय, की ताबा घेण्याचं कलम करारातच हवं आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं: ताब्याआधी नोटिशीची मुदत किती, ती कोणत्या परिस्थितीत माफ, ताबा घ्यायची रीत काय, विकण्यापूर्वी पैसे भरायची शेवटची संधी कशी, गाडी परत द्यायची रीत काय, लिलाव कसा. म्हणजे 1972 चा कायदा मारून त्याची थोडी राख या परिपत्रकात ठेवली आहे. कोर्टात जाण्याचं बंधन गेलं, नोटीस राहिली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांबद्दल ठरवलं, की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना ते लागू नाहीत. तेव्हा उरते ती रिझर्व्ह बँकच.

इथे जरा नाशिक जिल्हा बँकेची आठवण करायला हवी. 2022-23 च्या सुमारास जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने थकबाकीदारांचे ट्रॅक्टर जप्त केले, लिलाव केले, जमिनींवरही कारवाई सुरू केली, आणि शेतकरी संघटना रस्त्यावर आल्या. त्या आंदोलनाबद्दल इथे दोन मतं असतील. आम्हाला फक्त एवढं दाखवायचंय, की सहकार कायद्यात वसुलीचा दाखला लागतो, मागणीची नोटीस, जप्तीचा पंचनामा, लिलावाची जाहिरात. रीत पाळली की नाही यावर भांडता येतं, कारण रीत आहे. मोर्चा न्यायलाही पत्ता आहे. टोलनाक्यावरच्या चार पोरांकडे मोर्चा कसा न्यायचा?

मामांनी काय केलं, ते सांगून थांबतो. गाडी उचलल्यावर त्यांनी दोन हप्ते घेऊन शाखेत खेटे घातले, तर आता पूर्ण रक्कम भरा म्हणून सांगण्यात आलं. मग चेन्नईहून लवादाची नोटीस आली. लवाद कंपनीनेच नेमलेला. अशी एकतर्फी नेमणूक चालत नाही हे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, पण निफाडला नोटीस मिळालेल्या माणसाला ते कोण सांगणार? वकील मित्रांनी तसं लेखी कळवलं. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही हेही 2018 मध्ये ठरलेलं. आणि 2019 च्या ग्राहक कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून प्रकरण नाशिकच्या जिल्हा आयोगात दाखल झालं. कंपनीने पहिला आक्षेप घेतला, की पिकअप धंद्याची, म्हणून हे ग्राहकच नाहीत. त्याला उत्तर कायद्यातच आहे: स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत.

दरम्यान गाडी विकली गेली होती. 1 लाख 90 हजारांना. नंतर मामांना पत्र: अजून 68 हजार येणे आहे. भरलेले 8 लाख 82 हजार, गाडी नाही, आणि वर 68 हजार.

आयोगापुढे करारातलं 22 वं कलम आम्ही ठेवलं आहे, ताब्याआधी सात दिवसांची लेखी नोटीस. कंपनीने कुरिअरची पावती दाखवली आहे, तिच्यावर पिनकोड सिन्नरचा आहे. स्वखुशीचा कागदही दाखवला आहे, पण त्यावर सही भाच्याची, आणि भाचा कर्जदार नाही, जामीनदारही नाही. त्याला स्वखुशीने द्यायला त्याच्या मालकीचं होतं काय?

आमच्यातल्या दस्तलेखकांनी आग्रह धरला होता, की बाकी काही मागा न मागा, पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण हिशेब मागा. 1879 च्या कायद्याची त्यांची ही आवड. तो गेल्या महिन्यात मिळाला, 11 पानं. मामा आज इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांच्या पिशवीत तो आहे. आम्ही तो ओळ न् ओळ वाचला. त्यात यार्डभाडं 52 दिवसांचं लावलंय. ताबा घेतल्याच्या आणि विकल्याच्या कंपनीच्याच तारखा धरल्या, तर गाडी यार्डात होती 38 दिवस. पुढची तारीख या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आहे, तेव्हा आधी तेच विचारायचं आहे.